इथं कुणी मरत नाही

सिल्वासाच्या कचेरीत मी मृत्यूच्या नोंदी करते. याला आता इतकी वर्षं झाली की कुणी गेल्याचं कळलं की माझ्या तोंडून आधी ‘कुठे गेले?’ असंच येतं. कसे गेले, कधी गेले, हे नंतर. ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटतं. पण नोंद जिथे मरण येतं तिथे होते, माणूस जिथे राहायचा तिथे नाही, आणि आमच्या शहराची सगळी गोम तिथेच आहे.

मागे मुंबईहून बदली होऊन आलेले एक साहेब होते. वाचनाची भारी आवड. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून जुन्या शहरांतल्या मरणांबद्दल सांगत बसायचे. पटकी, देवी, प्लेग. म्हणायचे, पूर्वी शहरांत जन्मायचे त्याहून जास्त मरायचे, खेड्यांतून नवी माणसं येत राहायची म्हणून शहरं टिकली. विलायतेतल्या कुठल्याशा जुन्या याद्या त्यांनी एकदा मोबाइलवर दाखवल्या. मरणाच्या कारणांत ‘दात’, ‘धास्ती’ आणि एके ठिकाणी नुसतंच ‘दुःख’. साहेब हसले. मला काही हसू आलं नाही. आमच्याकडे ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहून येतं, त्यापेक्षा ते दुःख बरं. हृदय बंद पडल्याशिवाय कोण मरतं?

आमचे आकडे बघून मात्र साहेब खूश असायचे. एवढे कारखाने, एवढी दाटी, आणि मरणं किती कमी! मी एकदा म्हटलं, ‘साहेब, इथं कुणी मरत नाही. मरायला टेकला की त्याला गावाकडे पाठवतात.’ ते म्हणाले, ‘बाई, नोंदीला धरून बोला.’ साहेबांशी वाद घालायची उमेद माझ्यात तेव्हाही नव्हती.

मी राहते इथल्याच आमली भागात. आमच्या बिल्डिंगमध्ये खोल्याखोल्यांतून धुळे-नंदुरबारकडची कारखान्यातली माणसं. माणसाचं आता काही खरं नाही असं डॉक्टर म्हणाले की यांचे भाऊबंद गावाहून गाडी घेऊन येतात, मागच्या सीटवर गोधडी अंथरतात आणि त्याला घेऊन जातात. माणसानं आपल्या दारात मरावं, एवढंच त्यांचं म्हणणं. वाटेत जीव गेला तर गाडी थांबवत नाहीत. दोघं जण दोन बाजूंनी धरून त्याला बसता ठेवतात आणि घरापाशी उतरवताना म्हणतात, आत्ताच गेला. गावालाही सगळं ठाऊक असतं. मग नोंद तिकडच्या गावात, झाली तर. इथे माझ्याकडे त्या माणसाचं काहीच उरत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरचा शेजारी असाच जायचा होता. दोऱ्याच्या कारखान्यात उभं आयुष्य गेलेलं, फुप्फुसं पार कामातून गेलेली. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. एका संस्थेनं ऑक्सिजनचं मशीन वापरायला दिलं होतं, ते खोलीत सतत घरघरत असायचं. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला स्पष्ट सांगितलं होतं की मशीन चालू आहे तोवर तो काही महिने काढेल. इथे कारखान्यांमुळे वीज सहसा जात नाही. तिच्या सासरी मात्र एकदा गेली की कधी येईल याचा नेम नाही.

तरी गाडी आलीच. तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर, आले, बरोबर दोन पुतणे. ती वर माझ्याकडे आली. ‘ताई, तुम्ही सरकारी माणूस. तुमचं ऐकतील ते. त्यायले नेलं तर ते जगत नाही.’

मी नुकतीच कामावरून आले होते, पाय सुजलेले, कुणाच्या घरात नाक खुपसायची मुळीच इच्छा नव्हती. पण गेले. जेठ भला माणूस होता. मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसला. मी म्हटलं, ‘भाऊ, गाडीत हे मशीन चालणार नाही. घाट लागायच्या आत काय होईल ते तुम्हाला कळतंय ना?’

‘कळतं ना ताई,’ तो अगदी शांतपणे म्हणाला. ‘म्हणून तर हे दोघं आणले. धरून बसतील त्याले.’

इतकी वर्षं मी हे ऐकून होते, पण ज्याला धरून बसवायचं तो समोर कॉटवर डोळे उघडे ठेवून ऐकतोय, असं कधी झालं नव्हतं. जेठाच्या डोळ्यांत पाणी होतं. धाकट्या भावाला परक्या ठिकाणी एकटं मरू देणं त्याला खरंच सहन होत नव्हतं. राग तरी कुणाचा करायचा?

कॉटवरून आवाज आला. एकेका शब्दाला दम घेत तो म्हणाला, ‘दादा, मेल्यावर ने. मले असं बसून जायचं नाही.’

गाडी रिकामी परत गेली. निघताना जेठ भावजयीशी एक अक्षर बोलला नाही.

पुढे तो पावसाळाभर जगला, दिवाळी बघितली. तिची पॅकिंगची ड्यूटी असली की मी जाऊन बसायची. तो टीव्ही बघायचा, मी भाजी निवडायची. थंडीत एके दिवशी त्याला दवाखान्यात हलवलं आणि तिथेच तो गेला. डॉक्टरांनी कारण नीट लिहून पाठवलं, फुप्फुसाच्या आजाराचं नाव घालून. नोंद मीच केली. शववाहिनीनं त्याला गावी न्यायचे कागद मी त्याच दिवशी तिच्या हातात दिले आणि घरी येऊन नुसती पडून राहिले. त्या दिवशी मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी मी थकले होते.

गावाकडचं दिवसकार्य उरकून ती परत आली. जिन्यात माझ्या शेजारी पायरीवर टेकली.

‘जेठ फोनवर म्हणत होते,’ ती म्हणाली, ‘दवाखान्याचं बोलू नको. दारापर्यंत जीव होता, असं सांग. नाही तर लोक म्हणतील, बायकोनं उपऱ्यासारखा मारला.’

‘मग काय सांगितलंस?’

‘सगळ्या बाया जमल्या होत्या. सासूच्या वयाची एक म्हातारी होती, तिनं विचारलं, शेवटचं घरचं पाणी तरी भेटलं का त्याले? जेठ माझ्याकडेच बघत होते.’ तिनं पदरानं तोंड पुसलं. ‘मी म्हटलं, भेटलं ना. आमलीच्या खोलीतून माठातलं बाटलीत भरून दवाखान्यात नेलं होतं मी. तेच पाजलं.’