तीन नंबरचा चार्ज

वीज केंद्रात त्याला सगळे खिळा म्हणायचे. एकदा बॉयलरपुढच्या खुर्चीत बसला की पक्कड लावली तरी निघायचा नाही. त्यात त्याचा दोष तरी काय? कोळशावर चालणाऱ्या केंद्राचा नियमच तसा होता. पुढच्या पाळीचा माणूस येऊन, सगळं विचारून, वहीत 'चार्ज घेतला' अशी सही करेपर्यंत जागा सोडायची नाही. पेटती आग टाकून कोण उठून जातं? बाकीचे हा नियम सोयीने पाळायचे, कधी फोनवरच भागवायचे. खिळ्याने तो एकोणतीस वर्षं पाळला. थोरलीच्या जन्माच्या दिवशी पुढच्या पाळीवाल्याने पाय मोडून घेतला, तर हा सोळा तास तिथेच. बायकोने त्याला तेव्हा जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण खरं सांगायचं तर तिला तो तसाच आवडायचा. ज्याला आग सोडवत नाही, तो आपल्याला काय सोडणार, असा तिचा हिशेब.

मग केंद्र बंद झालं. पन्नाशी उलटलेला खिळा सहा महिने पोरासोरांबरोबर बाकावर बसला, नवं काम शिकला, परीक्षेत दुसरा आला आणि गावाबाहेरच्या सौर केंद्रात लागला. तीन महिने उमेदवारी, मग कायम. शंभर एकरांवर निळ्या पॅनेलच्या रांगा. ना धूर, ना राख, ना आवाज. पहिल्या दिवशी तो घरी आला तर शर्टाची कॉलर पांढरीच्या पांढरी. बायकोने ती दोनदा उलटून पाहिली.

"कामावरच गेला होतात ना?" तिने विचारलं.

गेला तर होता. तिथून निघणं मात्र त्याला जमेना. ऊन उतरलं की तिथलं सगळं आपोआप बंद व्हायचं, आणि सहाला कुंपणाचा अलार्म लावून जो तो घरी. खिळा आपला वही उघडून बसलेला. चार्ज द्यायचा कोणाला? चौकीदार म्हणाला, "अहो, सगळं बंदच आहे. मी घेऊ काय?" केंद्राच्या मॅडम, वयाने त्याच्या थोरलीएवढ्या, त्या म्हणाल्या, "काका, मी घेते." तर हा म्हणतो, "मॅडम, तुम्ही माझ्याच पाळीच्या. तुम्हाला कसा देऊ?" मॅडमनी हात टेकले. आत माणूस असला की अलार्म लावता येत नाही. वरच्या ऑफिसातून दोन लेखी ताकिदी आल्या. तिसरी आली की नोकरी गेली.

एका संध्याकाळी मॅडमनीच घरी फोन केला. "काकू, काका आजही निघत नाहीयेत. सहा वाजून गेले तर मला वर कळवावं लागेल. आणि मला नाही हो त्यांच्याविरुद्ध लिहायचं."

बायकोने स्कूटर काढली. ऐकायला कोणी नव्हतं तरी रस्ताभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर अख्खा बॉयलर विझला! आणि हे तोंडातून गेलं मात्र, ती गप्प झाली. बॉयलर विझवला तो दिवस तिला आठवला. दुपारी भाषणं झाली, फोटो निघाले, लोक बसमध्ये बसून गेले. हा आपल्या तीन नंबरच्या बॉयलरपुढे बसून राहिला. पुढची पाळी नव्हतीच. कोणीतरी दिवे घालवले तेव्हा तो घरी आला आणि जेवताना एवढंच म्हणाला, "आज कोणी आलं नाही." बरं झालं, सुटलात एकदाचे, असं म्हणून तिने त्याला भाजी वाढली होती. आता तिला स्वतःचाच राग आला.

ती पोचली तेव्हा खिळा केबिनमध्ये वही पुढ्यात घेऊन बसला होता. मॅडम दारात उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. सहाला दहा मिनिटं कमी होती.

"अगं, तू इथे कशी?"

"पुढच्या पाळीची आहे मी." ती खुर्ची ओढून समोर बसली. "द्या चार्ज."

"चेष्टा नको करूस. तुला पॅनेलमधलं काय कळतं?"

"पॅनेलचा कोण मागतंय? तीन नंबरचा द्या. तो कुठे दिलात अजून?"

खिळ्याने वहीवरून मान वर केली. मॅडमना काही उमगलं नाही, पण त्यांनी घड्याळ बघायचं थांबवलं. खिळा खुर्चीत ताठ बसला.

"तीन नंबर बॉयलर," तो म्हणाला. "आग विझवली, दुपारी बारा चाळीसला. दाब शून्य. पाणी काढून टाकलंय. राख..." त्याने तळहात पँटला पुसले. "राख उपसून झाली."

"काही बिघाड?" चार्ज घेणारा काय काय विचारतो हे तिला इतकी वर्षं ऐकून पाठ होतं.

"डावीकडचा वॉल्व गळतोय. चार वर्षं वहीत लिहितोय, कोणी ढुंकून बघत नाही."

"मी बघते. आत कोणी माणूस राहिलाय?"

बॉयलरचं दार लावण्याआधी हे विचारावंच लागतं. खिळ्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

"होता एक," तो म्हणाला. "निघतोय."

तिने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि वहीत सही केली.