दिवेलागणीच्या आतला डबा

थंडी पडली की माणसं खुशीत येतात. भाईंदरची थंडी तशी नावालाच, पण तेवढ्यावरही लोक कपाटातले स्वेटर काढून मिरवतात. काशीनाथ रेडकर मात्र डिसेंबर लागला की थंडीच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात करायचा. गारठ्याचा त्याला त्रास नव्हता. त्याचं भांडण सूर्याशी होतं. उन्हाळ्यात सात वाजले तरी उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा रेंगाळणारा हा सूर्य डिसेंबरात सहा वाजायच्या सुमाराला खुशाल पसार व्हायचा.

भांडणाचं कारण होतं काशीनाथची दुसरी नोकरी. पहिली नोकरी भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात. माल मोजून ट्रकमध्ये चढवून द्यायचा, पाचला सुटायचं. त्या पगारात घर चालत होतं, पण लंगडत. म्हणून पाचनंतर तो आपली लुना पश्चिमेला दामटायचा आणि वसुबेनच्या रसोड्यातून जेवणाचे डबे घेऊन घरोघर पोचवायचा. वसुबेनची सगळी गिऱ्हाइकं जैन, चोविहार पाळणारी. म्हणजे सूर्य बुडाला की अन्न तर नाहीच, पाण्याचा घोटही नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत. इतरांचा डबा उशिरा पोचला तर गार होतो. काशीनाथचा डबा उशिरा पोचला तर तो कुणी उघडतच नसे.

दोन मालकांची चाकरी करणाऱ्याला थापा माराव्याच लागतात, आणि काशीनाथ तर त्यात मुरलेला गडी होता. कारखान्यात त्याची बायको उर्मिला कायम आजारी असायची. पाचच्या ठोक्याला सुटायचं असलं की तिला कधी कावीळ व्हायची, कधी मलेरिया, एकदा तर दोन्ही एकदम. खरी उर्मिला शांती नगरच्या घरात ठणठणीत होती आणि नवऱ्यानं आपल्याला कुठकुठले रोग लावलेत याचा तिला पत्ताही नव्हता. रसोड्यात थाप एकच: फाटक. पूर्व-पश्चिमेच्या मधलं रेल्वेचं फाटक बंद असायचंच, त्यामुळे ही थाप निम्मी खरी असायची. निम्म्या खऱ्या थापेइतकी सोयीची गोष्ट जगात दुसरी नाही.

त्याच्या फेरीतला शेवटचा डबा जडावबेनचा. वस्ती संपून मिठागरं सुरू होतात तिथे एक नवी चार मजली इमारत उभी होती. नवी म्हणजे काय, लिफ्टच्या जागी नुसतं भोक ठेवून बिल्डर गायब झालेला. तिच्या तळमजल्यावर जडावबेन एकट्या राहायच्या. पंचाहत्तरी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात एक दात नाही. शुगर उतरत नव्हती म्हणून डॉक्टर डोळ्यांना हात लावायला तयार नव्हते. उजेड आणि अंधार यापलीकडे त्यांना काही कळत नसे, आणि घरात दिवसाही अंधारच असल्यानं तेही धड नाही. मुलगा धंद्यासाठी दोन महिने सुरतेला गेलेला. जाताना तो शेगडी बंद करून गेला होता आणि वसुबेनचा डबा लावून गेला होता. संध्याकाळी बा, म्हणजे आई, शुगरची गोळी घेणार, मागोमाग डबा येणार, बा मऊ खिचडी खाणार, असा सगळा बेत. काशीनाथ त्यांना बाच म्हणायचा.

आदल्या आठवड्यात हा बेत फसला होता. काशीनाथ डबे घेऊन निघाला खरा, पण वाटेत टीव्हीच्या दुकानापुढे गर्दी दिसली, मॅच रंगात आलेली, आणि त्यानं लुना स्टँडवर लावली. दोनच ओव्हर म्हणून. जडावबेनच्या दारात पोचला तेव्हा उशीर झाला होता, पण बाहेर ऊन होतं.

"बा, माफ करा हां. फाटक बंद होतं."

"फाटक?" म्हातारी म्हणाली. "रसोडू इकडे, मी पण इकडे. मधे फाटक कुठून आला?"

काशीनाथनं डबा पुढे सरकवला. तो म्हणाला, "ते जाऊ द्या. तुम्ही जेवून घ्या. सूर्य आहे अजून."

"छे?"

"छे, बा. आईशप्पथ."

'छे' म्हणजे आहे, एवढं गुजराती त्याला येत होतं. आणि त्या वेळी तो खरंच बोलत होता. पण म्हातारीनं डबा बाजूला सारला. "तू फाटकाचा खोटा बोलते, तर सूरजचा खरा कशाला बोलशील?" त्या तशाच झोपल्या. पोटात गोळी होती, अन्न नव्हतं. सकाळी पहिल्या मजल्यावरच्या अंबिकाताईंना त्या मोरीजवळ पडलेल्या सापडल्या. डॉक्टरांनी सुई टोचून शुद्धीवर आणलं आणि बजावलं, गोळी घेतली की जेवण पोटात गेलंच पाहिजे, पुन्हा असं झालं तर मला बोलवायला येऊ नका. अंबिकाताईंनी हे शब्द काशीनाथला जसेच्या तसे सांगितले. त्या दिवसापासून तो टीव्हीच्या दुकानावरून मान खाली घालून जायला लागला.

आणि बरोबर आठवड्यानं ट्रक उशिरा आला.

पाचला सुटायच्या वेळी अख्खा माल दारात पडलेला. काशीनाथ शेठच्या टेबलाशी गेला. "शेठ, आज जरा लवकर... उर्मिलाला सकाळपासून ताप आहे."

शेठनं चष्म्यावरून पाहिलं. "तुझी उर्मिला आत्ताच भेटली मला भाजीबाजारात. कोबीवरून भांडत होती. माल चढव, मग जा."

काशीनाथ मोजणीला लागला. एकेक खोका चढत होता आणि समोरच्या भिंतीवरचं ऊन एकेक वीट वर सरकत होतं. म्हातारीनं आता गोळी घेतली असेल, हाच एक विचार त्याच्या डोक्यात घुमत होता. मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. शेवटचा खोका चढला तसा तो सही न करताच पळाला.

फाटक बंद होतं. त्या दिवशी खरोखरचं बंद, आणि समोर मालगाडी येऊन उभी. लोक डब्यांच्या मधून घुसून पलीकडे जात होते, पण लुना कुठून घालणार? इंजिन कुठे आहे ते दिसेना, शिट्टी ऐकू येईना. काशीनाथनं मालगाडीला शिव्या दिल्या, ड्रायव्हरला दिल्या, मग स्वतःला दिल्या. शेवटी गाडी हलली.

वसुबेन रसोड्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "बाकी डबे माझ्या भाच्याला दिले, अल्पेशला. जडावबेनचा राहिलाय, तो त्याला वाटेत पडत नव्हता. फाटकाचं सांगू नको मला."

फाटक खरं होतं, नेमकं त्याच दिवशी ते उपयोगाचं नव्हतं. डबा हँडलला अडकवून काशीनाथनं लुना पिळली. मिठागरांच्या रस्त्याला लागल्यावर त्याला सूर्य दिसला. लाल झालेला, उत्तनकडच्या टेकडीच्या बराच जवळ आलेला, पण होता. "थांब रे, थांब," तो मोठ्यानं म्हणाला. रस्त्यानं चाललेल्या माणसानं आपल्यालाच हाक मारली असं वाटून मागे वळून पाहिलं.

जडावबेन दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोरच्या इमारतीची सावली केव्हाच अंगणात पसरलेली, घरात काळोख. कपाळावर घाम होता.

"गोळी घेतलीत, बा?"

"कधीच. तू नाय आला."

"घ्या, पटकन घ्या. सूर्य आहे."

म्हातारी हसली. ते हसू काशीनाथला झोंबलं. "मने तो अंधारू लागे छे. तू बोलते म्हणून मी नाय खाणार."

आता हिच्यापुढे शपथ घेऊन उपयोग नव्हता. घड्याळ दाखवावं तर दिसत नाही, सांगावं तर विश्वास नाही. काशीनाथनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पाठमोरा होऊन खाली वाकला.

"चला, बा. बसा पाठीवर."

"कुठे?"

"गच्चीवर. माझं नका ऐकू. तुमच्या तोंडावर ऊन पडतंय का नाही, तुम्हीच बघा."

म्हातारी नको नको म्हणेपर्यंत त्यानं तिला उचललं होतं. वजन फार नव्हतं, पण चार मजले ते चार मजले. डबा दातात, पाण्याचा तांब्या तिच्या हातात, दिवे नसलेला जिना. दुसऱ्या मजल्यावर त्याचा पाय घसरला आणि गुडघा फुटला. तिसऱ्यावर छाती भात्यासारखी वाजायला लागली. पाठीवरून म्हातारी नवकार मंत्र पुटपुटत होती. गच्चीचं दार त्यानं खांद्यानं ढकललं.

वर मोकळं आकाश होतं. मिठागरांत लाल पाणी पसरलेलं आणि त्याच्यापलीकडे, टेकडीच्या वर, सूर्य. त्यानं जडावबेनना टाकीच्या कट्ट्यावर पश्चिमेला तोंड करून बसवलं. त्यांनी चेहरा वर केला. बुबुळांवरचा पांढरा पडदा लालसर झाला, आणि त्यांनी हळूच गालाला हात लावला.

"छे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "छे!"

डबा उघडला. खिचडी गार झाली होती. त्यांनी पहिला घास घेतला आणि काशीनाथचा जीव भांड्यात पडला. पण त्या सावकाश खायच्या. दात नसलेलं तोंड, प्रत्येक घास घोळवून घोळवून गिळायचा. मधेच पाणी. सूर्याची खालची कड टेकडीला लागली. लवकर लवकर, असं तो मनात म्हणत होता; मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, घाबरून त्यांनी घास खाली ठेवला असता. निम्मा सूर्य गेला. डबा निम्म्यावरही आला नव्हता. गालावरची ऊब गेली असावी, कारण त्या खाता खाता थांबल्या.

"दीकरा, छे?"

"छे, बा."

आणखी दोन घास गेले. मग नखाएवढी कड उरली, आणि मग तीही उरली नाही. आकाश लालच होतं, उजेड भरपूर होता. म्हातारीनं पुढचा घास उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि थांबवला.

"छे?"

एक अक्षर बोलायचं होतं. रोज शंभर थापा मारणाऱ्या माणसाला हे काय अवघड? उर्मिलाला कावीळ लावताना त्याची जीभ कधी चाचरली नव्हती. इथे तर म्हातारीच्या भल्याचंच होतं, तिला कळणारही नव्हतं, कुणालाच कळणार नव्हतं. डॉक्टरांचे शब्द त्याला आठवत होते. मोरीजवळ पडलेली म्हातारी डोळ्यांपुढे येत होती. आणि ती डोळे गेलेली बाई त्याच्याकडे तोंड करून, घास हातात धरून, त्याच्या शब्दाची वाट बघत होती. गच्चीवर आल्यापासून तिनं त्याला एकदाही खोटारडा म्हटलं नव्हतं.

"गेला, बा," काशीनाथ म्हणाला. आणि त्याला रडू फुटलं.

म्हातारीनं घास डब्यात परत ठेवला. चिडचिड नाही, हळहळ नाही. हात जोडून रात्रीचं पच्चक्खाण, म्हणजे सकाळपर्यंत काही न घेण्याचा संकल्प, म्हटलं आणि म्हणाली, "चल, खाली घेऊन जा."

जिना उतरताना तो सारखा विचारत होता, "बा, चक्कर येते का? बा, चिमूटभर साखर तरी जिभेवर..." पण पाठीवरून उत्तर एकच, "नाय." दारात आणून सोडलं, अंबिकाताईंना हाक मारली, सगळं सांगितलं. "मी हाय ना, दर तासाला येऊन बघते. जावा तुम्ही," त्या म्हणाल्या. तो गेला, पण त्याचं मन तिथेच राहिलं. खरं बोलून आपण तिला मारलं, असं त्याला वाटत होतं. त्याच्या पानातलं अन्न तसंच राहिलं. उर्मिलानं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

सकाळी कारखान्याची वाट सोडून तो आधी मिठागरांकडे गेला. कोपऱ्यावरूनच त्यानं दार पाहिलं. दार उघडं होतं. जडावबेन पायांवर ऊन घेत खुर्चीत बसल्या होत्या आणि अंबिकाताईंनी आणून दिलेला बशीतला चहा फुंकत होत्या.

"कोण? तू?" त्या म्हणाल्या. "डबो तो सांजे ने?"

काशीनाथ तसाच वळला आणि कामावर गेला.

पाचला तो शेठच्या टेबलाशी उभा राहिला. "शेठ, मी निघतो. बायको ठणठणीत आहे, कावीळ-बिवीळ कधी झालीच नव्हती. एका म्हातारीला सूर्य बुडायच्या आत जेवण पोचवायचं असतं, म्हणून जातोय." शेठनं हातानं नुसतं दार दाखवलं. त्याचा अर्थ आजपुरतं जा की उद्यापासून येऊ नको, हे विचारायला काशीनाथ थांबला नाही.

तरीही व्हायचा तो उशीर झालाच. वाटेतले बाकीचे डबे देऊन तो पोचला तेव्हा अंगण सावलीत बुडालं होतं. म्हातारी आतल्या काळोखात पाटावर बसली होती, समोर रिकामी ताटली मांडून. काशीनाथनं डबा तिच्यापुढे ठेवला, फुटलेल्या गुडघ्याला सांभाळत पाठमोरा झाला आणि तिचे हात आपल्या खांद्यांवर घेत उचलायला खाली वाकला.

"हे काय करते?" जडावबेन म्हणाल्या.

"चला ना, बा. वर."

"छे?" त्यांनी विचारलं.

त्यानं दारातून मान बाहेर काढली. समोरच्या इमारतीच्या टाकीवर थोडंसं ऊन उरलं होतं.

"छे, बा. पण थोडाच आहे."

"मग वर कशाला जायचा?" त्या म्हणाल्या. "तू बोलला ने." आणि त्यांनी चाचपडत डबा जवळ ओढून झाकण उघडलं.