धाब्याची मधली तुळई

महामायाला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ती सरळ सांगायची, चांदण्या पाहायच्या खोल्या बांधते. लोक हसायचे. हसू द्या. बुलढाण्याला सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, दहा वर्षं ठेकेदारांकडे रस्त्यांची मापं घेत उन्हात करपलेली बाई. स्वतःच्या डोक्यातलं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं, तिला त्याचं अप्रूप असणारच.

काम दिलं साखरखेर्ड्याच्या गुलाबरावांनी. गावाबाहेर त्यांचं पाच एकर बरड पडून होतं, कुसळाशिवाय तिथं काही यायचं नाही. लोणारला येणारे शहरी पाहुणे रात्रीचा काळोख शोधत फिरतात, हे त्यांच्या कानावर आलं होतं. महामायानं चार लहान खोल्या आखल्या. मातीच्या भिंती, सोलरच्या प्लेटा, दिवे गुडघ्याच्या वर नाहीत आणि सगळे जमिनीकडं तोंड केलेले. वर धाबं, म्हणजे आपलं जुनं मातीचं छत. खाली तुळया, त्यावर लाकडी कड्या, मग पाला आणि वीतभर पांढरी माती. पाहुण्यांनी जिन्यानं वर जायचं आणि पाठ टेकून आडवं व्हायचं. गुलाबराव स्लॅबसाठी अडून बसले होते. ती म्हणाली, वैशाखात एकदा स्लॅबवर झोपून पाहा, मध्यरात्रीपर्यंत पाठ भाजते. ते त्यांना पटलं, पण अट घातलीच. आधी एक खोली बांध. बारा माणसांचं वजन टिकलं तर उरलेल्या तीन तुझ्या, नाहीतर स्लॅब आणि दुसरा ठेकेदार.

धाबं घालणारा माणूस शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. तिचे वडील पुंजाजी यांनी चाळीस वर्षं आसपासच्या गावांतली धाबी घातली होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोर सगळं धुकं. पण बोटं शाबूत. तुळईवर हात फिरवायचे, ठोकून पाहायचे आणि सांगायचे, घे किंवा फेक.

तुळया जुन्या लाकडाच्या, देऊळगाव राजाहून आणलेल्या. त्यातल्या एका सागवानी तुळईवर महामाया भाळलीच, ती खोलीच्या मधोमध लावायची ठरली. खालच्या अंगाला सबंध लांबीभर कमळांची नक्षी. फक्त मधोमध, एका कमळाच्या जागी, मूठ जाईल एवढं चौकोनी भोक. जुन्या घरात तिथं खांबाचं टोक बसत असणार. खांब होता तोवर तुळईला काळजी नव्हती, पण या खोलीत मधे खांब नव्हता. भार आला की तुळई खालच्या अंगानं ताणली जाते, आणि नेमकं तिथंच भोक. उलटी करून, भोक वर ठेवून लावली असती तर निभावलं असतं, पण मग नक्षी मातीत गेली असती. हे कळायला डिप्लोमाही लागत नाही. तरी या बाईनं सुताराकडून भोकात सागाचा ठोकळा बसवून घेतला, त्यावर कमळ कोरून घेतलं आणि वरून तेल चोपडलं. काय म्हणावं या हौसेला! पुंजाजींनी हात फिरवला, ठोकलं आणि गुलाबरावांना सांगितलं की लाकूड एकसंध आहे, माझी जबान. महामाया शेजारीच उभी होती. ती गप्प बसली.

पुंजाजींची एक रीत होती. धाब्यावर पहिल्यांदा भार चढतो तेव्हा बांधणाऱ्यानं खाली उभं राहायचं. तिनं मनाशी ठरवलं होतं, आपणच उभं राहू, म्हणजे काही झालं तर आपल्याच डोक्यावर. पण परीक्षेच्या सकाळी पुंजाजी धुतलेला सदरा घालून तयार. तिनं नाना सबबी सांगितल्या. धाबं माझ्या हातचं, खाली मीच, असं म्हणून ते काठी टेकत आत गेले आणि मधल्या तुळईखाली उभे राहिले.

गुलाबरावांनी सोयाबीनचे कट्टे, माणसाच्या वजनाची भरलेली पोती, आणवले होते. एक कट्टा म्हणजे एक पाहुणा. दोन गडी कट्टे पाठीवर घेऊन जिन्यानं वर जात होते आणि गुलाबराव अंगणातून मोठ्यानं मोजत होते. महामाया दारात उभी होती. आत यायला पुंजाजींनी तिला मनाई केली होती.

पाच झाले, काही नाही. सहाव्याला तिच्या मनात आलं, टिकेल, आपण उगाच जीव टांगणीला लावला. सातव्याला पुंजाजींच्या खांद्यावर चिमूटभर माती पडली. नवं धाबं बसताना माती पडतेच, त्यांनी ती झटकलीही नाही. आठव्याला जे दिसलं ते मात्र तिच्या एकटीच्या डोळ्यांना दिसलं. ठोकळ्यावरच्या कमळाभोवती केसाएवढी काळी रेघ. सकाळी ती नव्हती.

नववा कट्टा जिन्यावर होता. बोलावं तर काम गेलं, वडिलांची जबान गेली, साखरखेर्ड्यात तोंड दाखवायची सोय गेली. तेवढ्यात लाकूड करकरलं. पुंजाजींनी मान वर केली, पण जागा सोडली नाही.

"गुलाबभाऊ, थांबवा," ती म्हणाली. "कट्टे उतरवा. बाबा, बाहेर या. मधल्या तुळईले खालून भोक हाये. मी बुजवलं, तुमाले सांगतलं नाही."

पुंजाजी हलले नाहीत. "आधी वरची पोरं उतरव," ते म्हणाले. "हळूहळू म्हना. धावू नका म्हना."

तिनं गड्यांना तसंच सांगितलं आणि आत जाऊन वडिलांचा दंड धरला. ते येईनात, म्हणून तीही तिथंच उभी राहिली. आठ कट्टे उतरायला किती वेळ लागतो, सांगा! तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

बाहेर आल्यावर गुलाबरावांनी तोंडाला येईल ते ऐकवलं. उरलेल्या तीन खोल्या गेल्या, हे वेगळं सांगायलाच नको. पुंजाजी मधे पडले नाहीत. सगळं शांत झाल्यावर एवढंच म्हणाले, "तुले माहीत व्हतं, मले दिसत नाही."

मग तेच गुलाबरावांकडे वळले, जबान माझी खोटी ठरली, ही एक खोली तरी मला नीट करून देऊ द्या म्हणाले. गुलाबराव कुरकुरले, पण हो म्हणाले.

आठ दिवसांत माती उतरवून तुळई उलटी केली, भोक वर गेलं, कमळं कड्यांखाली गाडली गेली. धाबं पुन्हा घातलं. पुंजाजी त्या आठ दिवसांत तिच्याशी कामापुरतंच बोलले. भार चढवायच्या दिवशी अकरा कट्टे वर गेले, आणि बारावा उचलायला गडी वाकला तर त्यांनी त्याला थांबवलं. जिन्याचा कठडा चाचपत ते स्वतः वर गेले. महामाया आत जाऊन तुळईखाली उभी राहिली. डोक्यावर त्यांची पावलं वाजली, मधोमध येऊन थांबली.

"खाली कोन हाये?" वरून आवाज आला.

"मी हाये, बाबा."

वर काठी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मंग मी जरासक आडवा होतो," पुंजाजी म्हणाले.