बाहीचं माप गाळलं तेव्हा

अक्षर माझं वाकडंतिकडं आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटलं, त्याबद्दल माफी असावी. आज कोऱ्या कापडाचा वास आला आणि माझ्या साखरपुड्याचं पोलकं आठवलं. शिंप्यापुढे उभं राहायची मला लाज, म्हणून आईनं घरीच माप घेतलं आणि मुंबईहून सुटीवर आलेला दादा ते लिहून रिसोडला घेऊन गेला. शिंप्याला नुसते आकडे लागत, ह्याच क्रमानं: उंची, छाती, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. बाही नेहमीचीच, म्हणून दादानं तो आकडा गाळला. शिंप्यानं पुढच्या गळ्याचा आकडा बाहीला लावला आणि मागचा खोल गळा पुढे कापला. पाहुणे दारात आणि मी ते पोलकं घालून रडत होते. कॉम्प्युटरवर काम करणारा दादा म्हणतो कसा, "अवं, आमच्या मशीनचंही असंच हाय. आकड्यांची रांग द्या लागते. मधला एक गाळला की मागचे सारे पुढं सरकतात. म्हून हरेक आकड्याले नाव देतो आमी." "तुले ठाऊक होतं, तं इथं नावं काहून नाही लिवली?" "शिंपी का मशीन हाय?" दिवसभर मी पदर गळ्याशी घट्ट धरून बसले. त्याचं ते उत्तर आठवलं की माझं डोकं अजून तापतं. कापड आणि शिलाई माझ्या निंदणाच्या मजुरीतली होती. ते पैसे मात्र त्यानं पुढच्या पगारात पूर्ण परत केले.