दादाने बेतलेलं ऑपरेशन

माझा दादा शिंपी. सारी गल्ली त्याला मास्तर म्हणते, आणि मास्तर नाकावर माशी बसू देत नाहीत. कोट बेतताना तो जास्तीचं कापड आत दुमडून ठेवायचा. पोट आज ना उद्या सुटणारच, असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा. आधी कमी कापावं, लागलं तर पुन्हा कापता येतं, हा त्याचा नियम. जन्मभर त्याच नियमाने त्याला यश दिलं, हीच पंचाईत झाली.

वहिनीच्या पायांतलं बळ गेल्यापासून पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीघरात तिला तोच उचलून न्यायचा. मी पुढे झाले की दटावायचा, तुला धरता येत नाही म्हणून. वहिनी त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणायची, नवी नवरी होते तेव्हा काही एवढे लाड झाले नाहीत.

मग तो स्टुलावरून पडला. बरगडी दुखते म्हणून फोटो काढला, तर बरगडी धड निघाली आणि फुप्फुसात गाठ दिसली. कॅन्सरच, पण लवकर सापडलेला. सर्जनबाईंकडे मी त्याच्याबरोबर गेले. बाईंनी कागदावर फुप्फुस काढून समजावलं. गाठीपुरता तुकडा काढता येतो, थोडा मोठा भाग काढता येतो, किंवा वरचा अख्खा कप्पा. गाठ आणखी लहान असती तर थोडक्यात भागलं असतं. या गाठीला कप्पा काढणंच बरं, आणि तुमचा श्वास ते झेपण्याइतका चांगला आहे.

दादाने एवढंच विचारलं, जड कधी उचलता येईल? कप्पा काढला तर बरेच महिने थांबा, दमही थोडा कमी होईल, असं त्या म्हणाल्या.

"तुकडाच काढला आणि पुन्हा आली, तर पुन्हा कापता येईल ना?"

"कदाचित. पण तोवर ती पसरलेली असू शकते."

दादाने 'कदाचित' तेवढं घेतलं, बाकीचं कानामागे टाकलं. परतताना मी रस्ताभर भांडले. शरीर म्हणजे काय कोट आहे का, म्हटलं. पण तो हट्टाला पेटला की पेटला. तुकडाच काढून घेतला आणि लवकरच वहिनीला उचलूही लागला. मीही म्हटलं, जिंकला बाबा.

पुढच्या वर्षी गाठ परतली, टाक्यांच्या शेजारीच, आणि छातीत पसरली. या वेळी वहिनी हट्टाने चाकाच्या खुर्चीतून आली. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, औषधं देऊ, असं बाईंनी सांगितलं. पहिल्याच वेळी कप्पा काढायला मास्तर तयार झाले असते तर, असंही त्या बोलून गेल्या.

वहिनीने विचारलं, कुठला कप्पा? तिला दादाने सांगितलं होतं की डॉक्टरांनी तेवढंच काढायला सांगितलंय.

दादा खाली मान घालून म्हणाला, "तुला कोणी उचललं असतं?"

"मी पडून राहिले असते हो," वहिनी म्हणाली. "वर्षभर पडून राहिले असते. मला विचारायचं तरी."

 

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा पलंगाशी वाकला. वहिनीने हात पुढे केले नाहीत. तिने मला हाक मारली. तेव्हापासून मी आणि शेजारीण मिळून तिला उचलतो. आम्हाला नीट धरता येत नाही, तिला दुखतं, ती ओठ आवळून घेते. दादा दाराशी उभा राहून बघत असतो.