निमज्जनाच्या शेजारचा शब्द

रुग्णालयाच्या खिडकीतून खालचे तळे दिसते. आज सकाळी काठावरच्या तारेवरून एका खंड्याने पाण्यात सूर मारला आणि क्षणात तो चोचीत मासोळी घेऊन वर आला. त्याच वेळी माझ्या पत्नीला तपासून तरुण डॉक्टर नातीला म्हणाले, "आजींच्या बीपीनं पहाटे एकदम डाइव्ह मारली."

"डाइव्ह म्हणजे गं?" मी नातीला विचारले.

"सूर मारणं, आजोबा. ऑफिसात एखाद्या विषयात खोल शिरलं, तर त्याला डीप डाइव्ह म्हणतात. आणि इथे..." तिने आजीकडे पाहिले. "इथे घसरणं."

आमच्या गुरुजींनी निमज्जन शिकवले, तेव्हा लगेच शेजारी उन्मज्जनही शिकवले होते. बुडी मारणारा वर येणारच, ही श्रद्धा मला त्या जोडीनेच दिली. या परक्या शब्दाच्या शेजारी मात्र मला कोणी दिसेना.

"सूरच मारला असेल, तर वर येईल ना हो?" मी डॉक्टरांना विचारले.

"प्रयत्न चालू आहेत, आजोबा," एवढेच म्हणून ते गेले.

तेवढ्यात हिने डोळे उघडले. "अहो, तुमचं व्याकरण पुरे. घोटभर पाणी द्या."

तोंडाने पाणी द्यायला मनाई होती. खाली तळे काठोकाठ भरलेले होते. मी हिचा हात हातात घेतला आणि मनात देवाचे नाव घेत, ऐकूच आले नाही असे दाखवून बसून राहिलो.