मालिकेतून सुटलेलं संगीत

वरच्या मजल्यावरून सारखी घरघर येत होती म्हणून मी तावातावानं जाऊन सांगितलं, "तुमची पाण्याची मोटर बंद करा." तो शांतपणे म्हणाला, "दादा, ते माहं संगीत हाय."

तो मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला. अमरावतीत आमच्या वर भाड्यानं राहतो आणि कॉम्प्युटरवर संगीत करतो. चहाचा कपही आधी नखानं वाजवून बघतो, मग पितो. एका टीव्ही मालिकेला दिलेलं पार्श्वसंगीत वाढवून तो आता अल्बम करत होता. ऐकणाऱ्याला मालिका आठवू नये, एवढीच त्याची धडपड.

परीक्षक म्हणून त्यानं माझ्या बायकोला बोलावलं. तिनं मालिकेचा एकही भाग चुकवला नव्हता. पहिला तुकडा लागताच ती म्हणाली, "हे तं सासू जिन्यावरून पडते तवाचं!" त्यानं तो तिथल्या तिथं पुसून टाकला. जीव माझाच हळहळला.

दुसरा तुकडा संपला. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती उठून जिन्याकडे निघाली.

जिना उतरताना मी विचारलं, "कोणता सीन होता?"

"सीन कोनताच नाही. माय कापूस वेचून आली का ओसरीत गप बसे, ते आठवलं. तुमीच सांगा त्याले. मले बोलनं नाही होऊन राहिलं."